शिंगांचा हिशेब

हरणांच्या शिंगांचा अभ्यास सुरू करायला पुणेकर वाचकांना फार लांब जावे लागत नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चितळांच्या कुंपणापाशी अर्धा तास उभे राहा. एखाद्या नराची शिंगे टणक, घासून लख्ख झालेली असतील. दुसऱ्याची अजून मखमली कातडीत असतील. तिसऱ्याच्या कपाळावर नुसते खुंट दिसतील. आपल्याकडच्या चितळांचे वेळापत्रक थंड देशांतल्या हरणांसारखे एकसाथ चालत नाही, आणि नवख्या निरीक्षकाला याचा फायदाच होतो.

आधी एक गोंधळ दूर करू. मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना पुरवावा लागतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा किंवा रेहेकुरीचा काळवीट हे कुरंग. त्यांच्या शिंगात हाडाचा गाभा असतो, वर शिंगद्रव्याचे आवरण असते, आणि ते जन्मभर टिकते. चितळ, सांबर आणि भेकर यांचे शिंग मात्र निखळ हाड असते. ते गळते आणि नव्याने उगवते. वाढत असताना त्यावरच्या मखमली कातडीतून रक्त खेळत असते. नरसंप्रेरकाची पातळी चढली की हाड टणक होते आणि कातडी सुकून सोलली जाते.

फाटे मोजले की वय कळते, ही समजूत वाचकांनी इथेच सोडून द्यावी. पूर्ण वाढलेल्या चितळाच्या प्रत्येक शिंगाला बहुधा तीनच टोके असतात, मग तो पाच वर्षांचा असो वा आठ. सांबराचेही तसेच. फाटे किती आणि कुठे फुटायचे, हा आराखडा त्या जातीच्या जनुकांनी आखलेला असतो. वयानुसार बदलते ती लांबी आणि जाडी. पहिल्या खेपेला साधा सुळका येतो, ऐन उमेदीत शिंगे भरदार होतात आणि उतारवयात पुन्हा खुरटतात, कधी वेडीवाकडीही येतात.

मग एकाच वयाच्या दोन नरांत फरक का पडतो? खरी गंमत इथे आहे. स्कॉटलंडच्या रम बेटावर 1972पासून तांबड्या हरणांची एकेक करून नोंद ठेवली जाते. तिथे शिंगांचे वजन काही अंशी वारशाने उतरते असे दिसले. (ज्या आईला शिंगेच नाहीत तीही हा वारसा देते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.) मोठ्या शिंगांच्या नरांना पाडसेही जास्त होतात. तरीही पिढ्या उलटल्या आणि शिंगे काही वाढली नाहीत. ज्याला चारा चांगला मिळाला त्याची शिंगेही वाढली आणि पाडसेही. रक्ताचे वाटलेले श्रेय बरेचसे गवताचे निघाले.

म्हणूनच कात्रजचे कुंपण मला मोलाचे वाटते. तिथे चारा जवळपास सारखा असतो, त्यामुळे उरलेल्या फरकात वय आणि वंश शोधणे सोपे जाते. वर्षभर दर महिन्याला जा, त्याच नरांच्या नोंदी ठेवा, आणि मग रानाकडे वळा. भीमाशंकरच्या जंगलात गळालेले सांबरशिंग दिसले तर ते घरी आणू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आडकाठी तर आहेच, शिवाय साळिंदरांना कॅल्शियमसाठी ते कुरतडायचे असते. बुंध्याचा घेर मोजा, लांबी टिपा, फोटो काढा आणि शिंग त्यांच्यासाठी जागच्या जागी राहू द्या.