निर्देशिकांची नावे आणि शेल-स्क्रिप्ट : युनिक्समधील एका छोट्या कामाचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाची मांडणी बहुधा यंत्रांच्या पिढ्यांनुसार केली जाते. नित्याच्या कामाच्या साधनांकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. एका ठिकाणच्या निर्देशिकांची, म्हणजे रूढ भाषेत फोल्डरांची, नावे काढून दुसऱ्या ठिकाणी त्याच नावांचे रिकामे फोल्डर निर्माण करणे हे असेच एक किरकोळ वाटणारे काम होय. युनिक्समध्ये ते शेल-स्क्रिप्टच्या एका ओळीत होते. 'फाइंड' ही आज्ञा नावे शोधते, 'एमकेडीआयआर' ही आज्ञा फोल्डर बनवते. प्रस्तुत निबंधात या एका ओळीच्या घडणीचा मागोवा घेतला आहे.

फोल्डरात फोल्डर ही वृक्षासारखी रचना १९६५ साली रॉबर्ट डॅली व पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स प्रणालीच्या आराखड्यात मांडली. 'शेल' हा शब्दही त्याच परिसरातला, लुई पूझँ यांनी योजलेला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स उभारली, तेव्हाची स्थिती मात्र विलक्षण होती. डेनिस रिची यांनी पुढे नमूद केल्याप्रमाणे, त्या प्रणालीत निर्देशिका होत्या, परंतु मार्गनावे नव्हती. आणि नवी निर्देशिका हवी असल्यास डिस्कची संपूर्ण मांडणी नव्याने करावी लागे.

पुढे एमकेडीआयआर आली, तरी १९७९ च्या सातव्या आवृत्तीतही तिचे काम एकसंध नव्हते. विशेषाधिकाराने चालणारा हा प्रोग्राम आधी निर्देशिका उभी करी आणि मग तिचे अंतर्गत दुवे जोडी. मध्येच खंड पडल्यास निर्देशिका अर्धवट राहण्याचा धोका असे, आणि एखादा लबाड वापरकर्ता त्या फटीचा गैरफायदाही घेऊ शके. ४.२ बीएसडी या बर्कली आवृत्तीने १९८३ मध्ये हे काम प्रणालीच्या गाभ्यात एकाच टप्प्यात आणले. त्याच आवृत्तीत नावाची मर्यादा १४ बाइटांवरून २५५ वर गेली. मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'महाराष्ट्र' या शब्दात काना व हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. जुन्या मर्यादेत हे नाव मावलेच नसते.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये 'पाइप' सिद्ध केला आणि एका आज्ञेचे फलित थेट दुसरीला मिळू लागले. या देवाणघेवाणीत एका ओळीत एक नाव, हा संकेत रूढ झाला. युनिक्स मात्र तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढे दोनच अपवाद वगळता नावात काहीही चालवून घेते. मोकळी जागा चालते, नवी ओळसुद्धा. शेल तर अवतरणचिन्हांत नसलेला मजकूर मोकळ्या जागेवर तोडते. परिणामी निष्काळजी स्क्रिप्ट 'पुणे जिल्हा' या एका फोल्डरऐवजी 'पुणे' आणि 'जिल्हा' असे दोन निर्माण करते, तेही कोणतीही सूचना न देता. शेकडो नोंदींच्या अभिलेखसंग्रहात अशी चूक कित्येक महिने ध्यानात येत नाही. नावे शून्य बाइटने विभागण्याची सोय जीएनयू साधनांत फार पूर्वीच झाली होती. पॉझिक्स प्रमाणकात तिचा समावेश व्हायला २०२४ साल उजाडले.