अवकाशाचा पीळ

गुरुत्वाकर्षण ही अवकाश-कालाची वक्रता होय, हा सिद्धान्त आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये पूर्णत्वास नेला. रीमान यांच्या ज्या भूमितीवर तो उभा होता, तिच्यात अवकाश वाकू शकत होते. पण त्याला पीळ पडण्यास जागा नव्हती.

ती जागा १९२२ मध्ये एली कार्तां यांनी दाखविली. फ्रान्समधील एका खेड्यातल्या लोहाराचा हा मुलगा शिष्यवृत्तीच्या बळावर शिकून पॅरिसमध्ये प्राध्यापक झाला होता. एका बिंदूपासून दोन दिशांना दोन अतिसूक्ष्म रेषाखंड काढावेत आणि प्रत्येक रेषाखंड दुसऱ्याच्या टोकापर्यंत समांतर सरकवावा. पीळ नसेल तर चौकोन पूर्ण होतो. पीळ असेल तर टोके जुळत नाहीत, फट उरते.

१९२८ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षण व विद्युत्चुंबकत्व एकत्र गुंफण्यासाठी अशाच भूमितीचा आधार घेतला. पुढील वर्षी कार्तां यांनी पत्राद्वारे आपल्या पूर्वीच्या कार्याची आठवण करून दिली व आइन्स्टाइन यांनी ते श्रेय मान्य केले. दोघांचा पत्रव्यवहार १९३२ पर्यंत चालला. एकीकरण मात्र साधले नाही. पुढे १९६०च्या दशकारंभी डेनिस शामा आणि मद्रास येथे जन्मलेले टॉम किबल यांनी पिळाचा संबंध मूलकणांच्या अंगभूत फिरकीशी जोडला : वस्तुमान अवकाश-कालाला वाकविते, फिरकी त्याला पिळते.

१९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेहून मंद आढळले आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे उघड झाले. विश्वातील सुमारे ७० टक्के ऊर्जा अज्ञात 'कृष्ण ऊर्जा' असावी, असे मानले गेले. ही ऊर्जा म्हणजे अवकाशाचा पीळच नसेल ना?

उत्तर सोपे नाही. कार्तांप्रणीत पीळ द्रव्याबाहेर पसरत नाही आणि अणुकेंद्राहून कितीतरी अधिक घनतेलाच प्रभावी ठरतो. आजच्या विश्वात तर साधे द्रव्य सरासरीने घनमीटरला हायड्रोजनच्या एका अणूइतकेही नाही. म्हणून संशोधक समीकरणे विस्तारतात : कोणी पिळाला पोकळीतून प्रवास करू देतात, तर कोणी गुरुत्वाकर्षणच वक्रतेऐवजी पिळाच्या भाषेत मांडतात. अशा काही मांडण्यांत कृष्ण ऊर्जेविना त्वरित प्रसरण निघते. निर्णायक पुरावा मात्र अद्याप नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. ही कल्पनाही तशीच शतकभर टिकली आहे. तिचा निवाडा वेधशाळा करतील. गणिताच्या वहीत एखादी राशी 'शून्य मानू' असे लिहिताना ती शून्य का मानावी, हे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर कार्तांचा वारसा आपल्याही शाळेत पोहोचला असे म्हणता येईल.