दंडघेर-मापन

वजनकाट्यावाचून बालकाची रोडावण ओळखण्याची पद्धत. डाव्या दंडाच्या मध्यावर फीत गुंडाळून घेर मोजतात. एक ते पाच वर्षे या वयात निरोगी मुलाचा दंडघेर फारसा बदलत नाही. त्यामुळे नेमके वय ठाऊक नसले तरी अडत नाही. वयानुसार वजनाच्या तक्त्याला मात्र जन्मतारीख लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात (१९६६) डी. बी. जेलिफ यांनी या मापाची मानके दिली. शाकिर व मॉर्ली यांनी १९७४ मध्ये तिरंगी फीत सुचविली. टाकाऊ क्ष-किरण फिल्मपासूनही ती करीत. १२.५ सेंमी.हून कमी घेर तांबड्या पट्ट्यात पडे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत ११.५ सेंमी. ही तीव्र कुपोषणाची सीमा २००९ मध्ये ठरली.

जव्हार तालुक्यातील (तत्कालीन ठाणे जिल्हा) वावर-वांगणी येथील १९९२ च्या बालमृत्यूंनी या डोंगराळ भागातील कुपोषण उघड झाले. शेजारच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळा परिसरातून भातकापणीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि अंगणवाडीतील मासिक वजनाची नोंद खंडित होते. मागील वजने हाती नसलेल्या अशा मुलाची अवस्था फितीने तत्काळ कळते. पावलांवरील सुजेने वजन भरून काटा फसवितो. दंडावर तिचा परिणाम कमी असला, तरी पाऊल अंगठ्याने दाबून खळगा राहतो की काय, हे पाहावेच लागते.