शिसे व शालेय अध्ययन

शिसे व शालेय अध्ययन : बालपणी शरीरात गेलेल्या शिशामुळे मुलाचे अवधान, स्मरण, वाचन व अंकगणित यांची होणारी हानी. शरीरात या धातूचे काहीही कार्य नाही. तथापि कॅल्शियमशी असलेल्या साधर्म्यामुळे तो मेंदूत शिरून मज्जापेशींच्या परस्परव्यवहारात व्यत्यय आणतो. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या चार ते पाच पट अंश बालक शोषून घेते, आणि लोहाची उणीव असल्यास हे शोषण आणखी वाढते.

वर्गातील ज्या मुलास आपण सर्रास ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतो, त्याची मंदता क्वचित विषजन्य असू शकते, हे १९७९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून दाखविले : ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांचा बुद्ध्यंक कमी व शिक्षकांच्या नोंदींनुसार अवधान अस्थिर. जागतिक आरोग्य संघटनेने दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम ही कारवाईची मर्यादा ठरविली असली, तरी निर्धोक अशी कोणतीच पातळी ज्ञात नाही.

बारामती व इंदापूर या पुणे जिल्ह्यातील ऊसकरी तालुक्यांसारख्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली व इन्व्हर्टर घरोघर पोहोचलेल्या मुलखात शिसे मुलांपर्यंत पोहोचण्याच्या वाटांत जुन्या बॅटऱ्यांची गणना प्रथम केली पाहिजे. बॅटरी फोडून तिच्या पट्ट्या उघड्या भट्टीवर कढईत वितळविल्या, की धूर व राखाडी भुकटी भोवतालच्या मातीत बसते, आणि काम करणाऱ्याच्या कपड्यांवरून तीच घरातल्या रांगत्या मुलाच्या तोंडी जाते. दुसरी वाट श्रद्धेची आहे : वेशीवरच्या मारुतीस व म्हसोबास चढणारा अस्सल शेंदूर हा शिशाचाच तांबडा ऑक्साइड असून, पारावर खेळणाऱ्या पोरांची बोटे त्याने सहज माखतात. हळदीतील लेड क्रोमेटची भेसळ, डोळ्यांत घालावयाचा सुरमा व जुना तैलरंग याही वाटा आहेत.

शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा अंमलात आली. वापरलेल्या बॅटऱ्यांसंबंधीचे नियम २००१ चे, ते २०२२ मध्ये नव्याने करण्यात आले. मात्र भंगारवाल्याच्या परसातील भट्टीपर्यंत सरकारी दप्तर क्वचितच पोहोचते. रक्तातील शिसे औषधाने उतरविता येते, परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ७८० बालकांवरील अमेरिकन प्रयोगात त्यामुळे बौद्धिक गुणांकनात सुधारणा आढळली नाही. म्हणून शालेय आरोग्य तपासणीत रक्तातील शिशाच्या परीक्षेची तजवीज व्हावी, आणि वस्तीत बॅटरी वितळविण्यास ग्रामपंचायतींनी सक्त मनाई करावी.