रुपयाचा प्रबंध, अजमानमधून वाचताना

अजमान हे संयुक्त अरब अमिरातींमधलं सर्वांत छोटं अमिरात, क्षेत्रफळ जेमतेम २६० चौरस किलोमीटर. नोकरी दुबई-शारजाला आणि भाडं परवडतं म्हणून बिऱ्हाड अजमानला, असा हिशेब करणारी मराठी मंडळी इथे बरीच आहेत. मीही त्यातलाच. इंजिनिअर म्हणून आठ-दहा वर्षं झाली की यातल्या अनेकांना संध्याकाळच्या एमबीएचे वेध लागतात.

सुरुवातीची सत्रं बरी जातात. मग येतो प्रबंध, आणि भलेभले हबकतात. कारण साधं आहे. इंजिनिअरच्या अहवालात मोजमाप, आकृती आणि निष्कर्ष दिला की काम झालं. प्रबंधाचं तसं नसतं. या विषयावर आधी कोण काय म्हणालं, त्यातलं तुम्हाला काय पटत नाही, आणि का पटत नाही, हे सगळं लिहून दाखवावं लागतं. मार्गदर्शक सारखा एकच प्रश्न विचारतो, "पण तुमचं म्हणणं काय?"

मी विषय घेतला होता आखातात चालणाऱ्या भारतीय रुपयाचा. संदर्भ धुंडाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हाती आला. घेतला होता रुपयासाठी, पण प्रबंध कसा लिहावा हेच त्यातून जास्त कळलं!

थोडा इतिहास सांगतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान, पुस्तकं ज्या बोटीवर होती ती पाणतीराने बुडाली. पुढे १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉमर्स कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं, पैसे साठवले आणि पुन्हा लंडन गाठलं.

आता प्रबंधाकडे वळू. १८९३ साली सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. पुढे रुपयाचा भाव सोन्याच्या पौंडाशी बांधून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९१३ साली खुद्द जॉन मेनार्ड केन्सने पुस्तक लिहून तिची तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी काय केलं पाहा. प्रस्तावनेतच ते दाखवून देतात की, आधीच्या लेखकांची गोष्ट १८९३ पासून सुरू होते आणि १८०० ते १८९३ चा इतिहास सुटून जातो. म्हणून तो आपण लिहायचा. आज आमच्या वर्गात 'रिसर्च गॅप' म्हणून जे फळ्यावर लिहितात, ते हेच. मग ते केन्सचं नाव घेऊन त्याचे मुद्दे मांडतात, आकडे पुढे ठेवतात आणि स्वतःचं म्हणणं सांगतात: किती रुपये काढायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिलं तर रुपयाची किंमत स्थिर राहणार नाही, नाणं काढण्यावर पक्की मर्यादा हवी.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा द्यायला सांगितलं. खिशात पैसे नव्हते, म्हणून एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. इथे बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. निष्कर्ष मात्र कायम ठेवले. ऑगस्टमध्ये प्रबंध परत पाठवला, वर्षअखेरीस तो मान्य झाला आणि पुस्तक म्हणून छापूनही आला. त्याला प्रस्तावना लिहिली मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी, आणि त्यात आपल्याला यातले बरेचसे युक्तिवाद पटत नाहीत असं साफ सांगितलं! तरीही विचारांच्या ताजेपणाची दाद दिलीच. मंडळी, मला हे फार मोलाचं वाटतं. गुरूला पटलं नाही तरी चालतं, पण त्याला खोडून काढता येऊ नये इतकं ते पक्कं हवं. परीक्षकाने प्रबंध परत केला तर मांडणी बदलावी. पुरावा उभा असेल तर म्हणणं बदलू नये.

आणि याचा अजमानशी काय संबंध? तर आखाताच्या या किनाऱ्यावर तेव्हा रुपयाच चालत होता. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापारातून भारतीय नोटा इकडे येत, त्या बदलून परकीय चलन मागितलं जाई आणि भारताची गंगाजळी आटे. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. क्रमांकाआधी झेड अक्षर असलेल्या या नोटा भारतात चालत नसत. मग ६ जून १९६६ रोजी दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. अजमानच्या बाजारात ज्याच्या गाठीला रुपये होते, त्याची पुंजी तिकडच्या एका निर्णयाने घटली. त्यानंतर या अमिरातींनी रुपया सोडला. अजमान, दुबई, शारजात कतार-दुबई रियाल आला, अबू धाबीत बहारीनचा दिनार, आणि १९७३ पासून सगळीकडे दिरहॅम.

१९२३ ची परिस्थिती वेगळी होती, १९६६ ची वेगळी. एकाची भविष्यवाणी दुसऱ्यात खरी ठरली असं म्हणणं चुकीचं होईल. पण चलनाची किंमत कोणाच्या हातात असावी, हा बाबासाहेबांचा प्रश्न इथल्या दुकानदारापर्यंत पोचलाच होता. असा प्रश्न सापडला की संदर्भ आपोआप रांगेत उभे राहतात.

तेव्हा एमबीएच्या प्रबंधाला बसलेल्या मित्रांना माझं एवढंच सांगणं असतं. वीस पुस्तकांचा सारांश काढण्याआधी, ज्याच्याशी आपलं पटत नाही असा एक जाणकार लेखक शोधा. त्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल असं मांडा, आणि मग आकडे घेऊन त्याच्याशी भांडा. मसुदा परत आला तर खुशाल पुन्हा लिहायला बसा. त्या मानाने आपलं बरं आहे, आपली पुस्तकं अजून तरी समुद्राच्या तळाशी गेलेली नाहीत.