द्रेफस, आल्फ्रेद

(९ ऑक्टोबर १८५९ – १२ जुलै १९३५). फ्रेंच तोफखान्यातील ज्यू अधिकारी. हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली १८९४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. पॅरिसच्या सैनिकी विद्यालयाच्या पटांगणात, सर्वांदेखत त्यांची पदचिन्हे उपटून तलवार मोडण्यात आली; शिक्षा भोगण्यासाठी धाडलेल्या डेव्हिल्स बेटावर १८९६ मध्ये कित्येक रात्री त्यांचे पाय खाटेला बेड्यांनी जखडलेले असत. एवढे सोसूनही सुटकेनंतर त्यांनी सूडापेक्षा सत्याचाच पाठपुरावा केला. १८९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी स्वीकारून त्यांनी गुन्हा कबूल केला, हा आक्षेप टिकत नाही. सुटताच त्यांनी निर्दोषत्व सिद्ध करण्याचा निर्धार जाहीर केला आणि १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून शिक्षा रद्द करून घेतली. खरा हेर एस्तेराझी मात्र इंग्लंडात पळाला आणि शिक्षा न भोगताच तिथे १९२३ मध्ये वारला.