सुई, सक्ती आणि स्वमग्न मूल : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
लसीकरणाचा इतिहास प्रामुख्याने रोगनिर्मूलनाच्या अंगाने लिहिला गेला. ज्याच्या दंडात सुई टोचली गेली त्या बालकाच्या भयाची नोंद त्यात अभावानेच आढळते. तीव्र स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकास इंजेक्शनप्रसंगी साहाय्य कसे करावे, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. तिच्या दंडावरील फोडातील द्रवातून पुढील बालकांना लस दिली गेली. म्हणजे मूल हेच लसीचे वाहन होते. 1877 च्या कायद्याने मुंबई शहरात आणि 1892 च्या कायद्यान्वये जिल्ह्यांतील ठरावीक भागांत लसटोचणी सक्तीची झाली. ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळला. 1897 मध्ये पुण्यात प्लेगनिवारणासाठी वापरलेल्या बळजबरीची परिणती 22 जून रोजी रँडवरील हल्ल्यात झाली. उपाय हिताचा असला तरी सक्तीने विश्वास तुटतो, हा त्यातील बोध होय.

स्वमग्नतेची दखल :
लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले. भारतात 1995 च्या अपंगविषयक कायद्यात तिचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. तो 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला. याचा अर्थ, कायद्याने नाव देण्यापूर्वीच हे मूल लसीच्या रांगेत उभे होते आणि ‘हट्टी’ ठरत होते. दरम्यान 1998 मध्ये लसीमुळे स्वमग्नता होते असा दावा करणारा निबंध प्रसिद्ध झाला. तो 2010 मध्ये मागे घेण्यात आला, तरी पालकांच्या मनातील शंका पूर्णतः मावळली नाही.

स्थानिक संदर्भ व उपाय :
बारामतीत 2019 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि इंदापूर तालुक्यातील खेड्यातून येणाऱ्या अशा बालकास एस.टी.चा प्रवास, केसपेपरची रांग, गोंगाट व स्पिरिटचा वास हे सुईपूर्वीच असह्य होऊ शकतात. यावर उपाय खर्चिक नाहीत. घरी चित्रांच्या क्रमाने पूर्वतयारी करावी. सुई नसलेल्या सिरिंजने खेळातून सराव द्यावा. गर्दी नसलेली वेळ आधी ठरवावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्वचा बधिर करणारे मलम सुमारे तासभर आधी लावावे. चौघांनी दाबून धरण्याऐवजी आईने कुशीत घ्यावे आणि शेवटी आवडीची वस्तू द्यावी. ‘दुखणार नाही’ असे खोटे मात्र सांगू नये.

निष्कर्ष :
2016 च्या कायद्याने दिव्यांगांना अडथळाविरहित आरोग्यसेवा व उपचारांत प्राधान्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. अडथळा म्हणजे केवळ पायऱ्या नव्हेत. भय हाही अडथळाच आहे. एकदा बळाने दिलेले इंजेक्शन पुढील प्रत्येक उपचाराचे दार बंद करू शकते. म्हणून परिसरातील महाविद्यालये, विशेष शाळा व आरोग्य केंद्रे यांनी या पूर्वतयारीची जबाबदारी एकत्रितपणे स्वीकारणे आवश्यक आहे.